काचेत खोट नव्हती

लेकीने डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवली आणि टेक्निशियनबाईंनी खोलीतला दिवा मालवला. मागच्या स्टुलावर चष्मेवाले बसले होते, मांडीवर लेकीचा चष्मा. तो त्यांनीच घडवलेला. तिच्या पहिल्या चष्म्यापासून आजपर्यंत एकाही काचेला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

“तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल, बाबा,” लेक मान न हलवता म्हणाली. ते जागचे हलले नाहीत.

लेसरने नंबर घालवायचं तिच्या मनात आल्यापासून दोघांचं घरात धड बोलणं नव्हतं. चष्मेवाल्याच्याच मुलीने चष्मा टाकला तर गिऱ्हाइकांनी काय समजायचं, हा त्यांचा मुद्दा. आईने मध्ये पडून पाहिलं आणि दोघांपुढे हात टेकले. लेक कमावती होती, तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. तिला त्यांच्या तोंडून फक्त एक ‘कर’ ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. हट्टाच्या बाबतीत ती थेट बापावर गेली होती.

यंत्र बारीक आवाज करून थांबलं. पडद्यावर तिच्या डोळ्याचा रंगीत नकाशा उमटला, तसे चष्मेवाले उठून पुढे गेले. खोलीत शिरतानाच त्यांनी बाईंना नंबर तोंडपाठ सांगितला होता. यंत्राने तोच दाखवला. अगदी तोच, पाव नंबराचाही फरक नाही. त्यांना इतका आनंद झाला, की भांडण विसरून त्यांनी लेकीच्या खांद्यावर थाप मारली.

“मग माझ्या काचेत खोट कुठे आहे?” त्यांनी बाईंना विचारलं.

काचेत खोट नाहीच, बाई म्हणाल्या. नंबर हा डोळ्याचा ढोबळ दोष, तो चष्म्याने भरून निघतो. पण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर ज्याचे त्याचे बारीक चढउतार असतात, एकासारखे दुसऱ्याचे नाहीत. यांच्या पडद्याला खालच्या अंगाला एक तिरका उतार आहे. चष्मा कितीही बदलला तरी तो तसाच राहतो. लेसर मात्र याच नकाशाप्रमाणे चालतो, जिथे जेवढं जास्त असेल तिथे तेवढंच तासतो.

“तसाच राहतो म्हणजे काय होतं?”

बाईंनी एक बटण दाबलं. नकाशा गेला आणि एक मोठं काळं अक्षर आलं. त्याच्या कुशीतून त्याचंच फिकं दुसरं अक्षर बाहेर सरकलं होतं, आणि खाली ओला रंग बोटाने ओढावा तशी पुसट शेपटी होती. अंधार पडला की यांना असं दिसतं, बाई म्हणाल्या.

“चष्मा नसताना,” चष्मेवाले म्हणाले.

“नाही काका. चष्मा लावून.”

चष्मेवाले त्या अक्षराकडे बघत राहिले. लेक शाळेत असताना दिव्यांना शेपट्या दिसतात म्हणायची. त्यांनी काच पुन्हा घासली, पुन्हा बसवली, फ्रेम वाकवून पाहिली, आणि शेवटी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, ‘नाटकं पुरे’ म्हणून तिच्यावर ओरडले. त्यानंतर तिने शेपट्यांचं नाव काढलं नाही. पोरगी सुधारली म्हणून त्यांना तेव्हा बरंही वाटलं होतं.

“सांगायचं नाही का मला?” ते म्हणाले, आणि मग हळूच, “सांगितलं होतंस म्हणा.”

लेकीने हनुवटी उचलली आणि आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. तुम्ही काच घेऊन पुन्हा पुन्हा बसायचात ते मलाच बघवत नव्हतं, ती म्हणाली. पुढे सवय झाली. आता गाडी चालवताना समोरून दिवे आले की भीती वाटते, एवढंच. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि त्यामुळे त्यांना जास्तच लागलं.

“माझं तोंडही असंच दिसतं तुला?”

“संध्याकाळचं, घरात, हो.” तिला हसू आलं. “तुम्ही हसलात की दोनदा हसता. मला आवडतं ते.”

टेक्निशियनबाईंनी उगाचच कीबोर्ड पुसायला घेतला.

“आणि रागावलो की?”

“तेव्हा मी चष्मा काढून ठेवते.”

तिला चष्मा काढताना त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. जेवताना, वाद चढत असताना, ती तो काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायची. डोळे शिणले असतील म्हणून ते तेवढ्यापुरते गप्प बसायचे आणि मग उरलेलं बोलून घ्यायचे.

त्यांनी हातातल्या चष्म्याच्या काड्या उघडल्या, पुन्हा मिटल्या.

“हे ऑपरेशन झालं की तुला काढून ठेवायला काही उरणार नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“कर,” चष्मेवाले म्हणाले. “रागाचं मी बघतो.”