तेरवीला धुतलेलं मशीन

"उघडली का रे?"

केसरबाईंनी हिरामणच्या पाठीमागं उभं राहून विचारलं. खुर्ची रिकामी होती, पण त्या बसल्या नाहीत. कारागिरासमोर बसून वाट पाहणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा नुसता भुगा पडला होता.

"नाही ना काकू," हिरामण म्हणाला. "मांगच्या खेपेलेही हेच सांगतलं."

"तू सांगशीन. दुसरं येते काय तुले?"

श्रीधर त्यांचा एकुलता एक मुलगा. पांढुर्ण्यातल्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांत पहिला कॉम्प्युटर त्यानं आणला, सत्त्याऐंशी साली. कोणाचा बगिचा, काय भाव, सारं त्यात. दुसऱ्या व्यापाऱ्याची नजर पडू नये म्हणून फायलींना कुलूप लावायचा. कामकाज आटोपलं की आपलं आणखी काही लिहीत बसायचा. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी असाच लिहीत बसला, मग न जेवता बगिच्याकडं गेला. सकाळी विहिरीत सापडला. पाय घसरला की आणखी काही, पाहायला कोणी नव्हतं.

तेरवी झाली आणि केसरबाईंनी घर धुऊन काढलं. गाद्या उन्हात टाकल्या, भिंतींना चुना दिला. मग नजर या डब्यावर गेली. शेवटचा हात श्रीधरचाच लागलेला. त्यांनी हिरामणला बोलावलं. "जुनं सारं काढ अन् नव्यानं बसव. सुतकाचं काही ठेवायचं नाही घरात."

हिरामणनं श्रीधरच्या फायली फ्लॉपीवर काढून ठेवल्या, मशीन कोरं केलं, सिस्टीम नव्यानं टाकली आणि फायली परत आत घातल्या. एकही वाचता येईना. कुलूप लावणारा प्रोग्राम आपली किल्ली मशीनमध्येच ठेवत होता, आणि मशीन तर धुऊन निघालं होतं.

"मंग तोड ना कुलूप," केसरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"हे तुटत नाही काकू. यानं अक्षरंच बदलून टाकली. भाऊंनी किल्लीची दुसरी फ्लॉपी करून ठेवली असन, तरच."

केसरबाईंनी मान वळवून सुनेकडं पाहिलं. नलिनी चहा घेऊन दारात उभी होती.

त्या दिवसापासून गावाला कळलं, की पोरगं का गेलं ते मशीनमध्ये लिहिलेलं आहे आणि सून किल्ली दाबून बसली आहे. केसरबाईंना सहीपुरतं लिहिता येत होतं, पण तोंडाला शाळा लागत नाही. देवळात, बाजारात, हळदीकुंकवात त्या सांगत, "माह्या पोराले हिनं खाल्लं. तो लिहून गेला." एखादी हळूच विचारी, पोरगा गेला त्या दिवशी घरात काही बोलाचाली झाली होती काय. तर म्हणत, "मी बोलली असन. माहं बोलणं त्याले नवं होतं काय? बोलण्यानं माणूस मरत असता, त अर्धं पांढुर्णा रिकामं झालं असतं."

यंदा पोळ्यानंतर त्या नलिनीला जामसावळीच्या मारुतीला घेऊन गेल्या. सोबत चार बायका, मुद्दाम.

"मारुतीसमोर म्हण, किल्ली माह्यापाशी नाही."

नलिनीनं जोडलेले हात खाली घेतले. मागच्या रांगेतली माणसंही पुढं सरकायची थांबली.

"आई, मले शपथ नका घालू."

"पाहिलं?" केसरबाई बायकांकडं वळल्या. "देवापुढं दातखीळ बसली."

परतताना बसमध्ये नलिनीच्या शेजारी कोणी बसलं नाही. घरी येऊन तिनं भाकरी टाकल्या, आधी सासूला वाढलं.

गेल्या आठवड्यात सौंसरहून तिचा भाऊ अरविंद आला. ओसरीवरच उभा राहिला, पाणीही घेतलं नाही. "ताई, बस झालं. चाल आता." निघताना नलिनी पाया पडायला वाकली. केसरबाईंनी पाय मागं घेतले.

"बीपीची गोळी फळीवर हाये," ती म्हणाली. "जेवल्यावर घेत जा."

"तुह्या हातची नाही घेत आता. जा."

आणि आज परत हिरामण, परत तोच भुगा.

"पळाली," केसरबाई म्हणाल्या. "मन साफ असतं त राहिली असती उरावर बसून. उद्या जीपमधी टाकून नागपूरले नेते हे मशीन. तिथंही नाही उघडलं त ठाण्यात जाते. नवऱ्याचं लिहिलेलं दाबलं म्हून नाव देते तिचं. पोलीस काढतीन किल्ली. भावाच्या दारातून धरून नेतीन, पाहाच."

हिरामणनं मशीन बंद केलं. वायर गुंडाळायला घेतली.

"काय करून राहिला? बोल ना."

"ठाण्यात नका जाऊ काकू."

"कायले? तुले मोठा पुळका तिचा?"

"फाईल उघडते."

केसरबाई पुढं सरकल्या.

"वहिनींना भाऊंच्या पेटीत किल्लीची फ्लॉपी सापडली होती," तो खाली पाहतच म्हणाला. "मांगच्या साली तुमी तिगावले लग्नाले गेल्या, तवा मीच लावून देल्ली. भाऊंनी त्या संध्याकाळी लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. मंग मले म्हणल्या, आईनं कितीदाही विचारलं त उघडत नाही म्हणूनच सांगजा."

"म्हणतीनच ना." केसरबाईंचा आवाज चढला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते अखेर हातात आलं होतं. "लपवणारच ना ते. मी म्हणत नव्हती? तूही वाचलं?"

"वाचलं."

"मंग सांग आता. साऱ्या गावासमोर सांगशीन. काय केलं तिनं माह्या पोराचं?"

हिरामणनं पहिल्यांदा मान वर केली.

"त्यात वहिनींचं नाव कुठंच नाही, काकू."