चोरओटी

"हे पत्र क्रांतीला दे. उद्यापास्नं येऊ नको म्हणावं," असं म्हणत नानासोंनी लिफाफा मंगलच्या पुढं सरकवला.

पलूसजवळच्या त्यांच्या शेडमध्ये चाळीस बायका बेदाणा निवडायच्या आणि मंगल त्यांची मुकादम. पंधरा वर्षांत तिनं मालकांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आज मात्र ती लिफाफ्याला हात लावेना.

"पोटुशी हाय म्हून काढताय व्हय, मालक?"

"मग काय करू? ऐन हंगामात रजा काढून बसंल."

नानासोंची खात्री पटली होती. क्रांतीच्या डब्यात महिनाभर रोज चिंच निघत होती. मधल्या सुट्टीत मंगलला वाटा देऊन ती संपायचीसुद्धा. शिवाय क्रांतीनं हट्टानं एक खुर्ची मागून घेतली होती. ती डगमगते का, हे मंगलच आधी बसून बघायची. शेडभर कुजबुज होती आणि अशा बाबतीत नानासोंचे कान भारी तिखट.

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्याच बायका कामावर साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवायच्या. त्या ढगळ शर्टाच्या बाहीनं तिनं डोळे पुसले, लिफाफा उचलला आणि ती बाहेर गेली. गेल्याच वर्षी लेकीचं लग्न लावलेली बाई, तिला दुसऱ्याच्या लेकीची कणव येणारच, असं नानासोंना वाटलं.

दहा मिनिटांत क्रांती आली. लिफाफा तिनं उघडलासुद्धा नव्हता. सांगलीच्या कामगार कार्यालयातून आणलेला कागद तिनं टेबलावर पसरला आणि बोट ठेवून वाचून दाखवला. गरोदर आहे म्हणून बाईला कामावरून काढता येत नाही. वर्षात ऐंशी दिवस भरले असतील तर पगारी रजा द्यावीच लागते.

नानासोंनी तिच्यासमोरच वकिलाला फोन लावला. वकिलानं हसत सांगितलं, पोरगी बरोबर बोलतेय, अडकाल तर तुम्हीच. नानासोंचा पारा उतरला. माणूस तापट खरा, पण मनाचा वाईट नव्हता. स्वतःच्या घरात पाळणा हलायला त्यांनी बारा वर्षं वाट पाहिली होती.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"पाचवा लागलाय. पर मालक, माझं नाव लिवू नका. आपल्या शेडमधल्या कुठल्याबी बाईला काढनार न्हाई, असं लिवा आन् भितीवर लावा."

लय हट्टी पोर, असं पुटपुटत नानासोंनी तसं लिहून सही ठोकली. लिफाफा फाडून टाकला. मग त्यांना एकदम इतका आनंद झाला, की त्यांनी बायकोला, बनुबाईंना, फोन करून उद्याच ओटीचं सामान घेऊन यायला सांगितलं.

पाचव्या महिन्यात गाजावाजा न करता भरायची ती चोरओटी. पण चाळीस बायकांच्या गलक्यात ती गुपचूप कसली होतेय! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बनुबाईंनी पाट मांडला, ताटात नारळ, तांदूळ आणि हिरवा खण ठेवला. कुणीतरी गाणं धरलं. नानासो पेढ्यांचा पुडा घेऊन दाराशी उभे राहिले, घरचंच कार्य असल्यासारखे खूश.

"ये गं पोरी, बस," बनुबाई म्हणाल्या.

क्रांती उठली. मागं खांबाआड उभ्या असलेल्या मंगलमावशीचा हात धरून तिनं तिला पुढं आणलं, आणि लाजेनं मान खाली घातलेल्या त्या बाईला हळूच पाटावर बसवलं.