मनगटातली जवारी

"शीर मुळात नाजूक असते, चाचा," टाके काढता काढता डॉक्टर दस्तगीरला म्हणाले. "डायलिसिससाठी आपण तिला धमनी जोडलीय. रक्ताचा जोर सोसून तिचं आतलं अस्तर बदलेल, ती दणकट होईल. मनगटावर हात ठेवून रोज थरथर बघायची. थांबली तर पुन्हा ऑपरेशन."

दस्तगीरची बोटं मधुमेहानं बधिर झालेली. म्हणून ते काम बायकोकडं, खैरुनकडं आलं.

खैरुन जन्मापासून बहिरी. तरी मिरजेतल्या त्यांच्या दुकानातून एकही तंबोरा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. दस्तगीर तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा घुमता झंकार, लावायचा, ती भोपळ्यावर तळवा टेकून डोळे मिटायची. मनासारखा घुमला की मान डोलवायची. नाही घुमला तर हसत त्याचाच कान खुंटीसारखा पिळायची. दुकान विकलं आणि ते सगळं संपलं.

आता ती रोज सकाळी त्याचं मनगट धरायची, पण डोळे उघडे ठेवून, घाबरल्यासारखी.

एका सकाळी मात्र तिनं डोळे मिटले. दस्तगीरनं सवयीनं कान पुढं केला.

खैरुनची मान डोलत होती.