तूट

"उचल तुझा डबा," ज्ञानबा दारातूनच म्हणाला. "आजच्या आज खोली खाली कर."

प्रतिक्षा स्क्रीनपुढून उठली. ती कळमनुरीची, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणारी. आभाळातून सतत पडणारे, डोळ्यांना न दिसणारे म्युऑन नावाचे कण मोजायला तिनं त्याची ही खोली भाड्यानं घेतली होती. कण दोन जातींचे, अधिक आणि वजा. तिच्या मोजणीयंत्राच्या डब्यातला चुंबक त्यांना वेगळं करायचा. वजा दरवेळी कमी भरायचे.

डबा श्रावणात आला आणि दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या खोलीत अनुसयाबाई गेली. ज्ञानबाची चालतीबोलती बायको, बसल्या जागी. ज्ञानबाचा जन्म हळद विकण्यात गेला होता. तूट आली म्हणजे माल वाटेत कुणीतरी उतरवलेला असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हा माल भिंतीपलीकडं उतरला, असा त्याचा संशय होता. तिच्या अंगात.

"काका, तुमच्यासमोर चुंबक उलटा केला ना? दोन्ही जातींच्या बाजू बदलल्या. डब्याच्या एका बाजूला खोट असती तर आता अधिकवाले कमी भरले असते."

"न्हाई भरले. वजावालेच कमी. म्हंजे तूट खरी हाय."

"मग आपण डबा शेतात नेला. तिथंबी तितकीच तूट. घराचा काय संबंध?"

"गोल गोल नको फिरवू, मॅडम. गेले कुठं ते सांग."

"कुठंच गेले न्हाईत. वरून हवेवर जे येऊन आदळतं, तेच बहुतेक अधिक जातीचं असतं. म्हणून वजावाले मुळात कमीच तयार होतात."

"म्हंजे कुणी घेतलेच न्हाईत?"

"कुणीच न्हाई, काका."

ज्ञानबाला अनुसयाबाई गेली तो दिवस आठवला. दवाखान्यातला डॉक्टरही असंच म्हणाला होता, कुणाचीच चूक नाही. तोही असाच हळू आवाजात बोलला होता.

"डबा काढू का मग?" प्रतिक्षानं विचारलं. तिचा हात वायरीपाशी थांबला होता.

"ऱ्हाऊ दे."

तो आत आला. डब्यासमोर, भिंतीला पाठ लावून खाली बसला.

"तू जा, जेवून ये," तो म्हणाला. "मी हाय इथं. बघतो, कोण घेतंय ते."