खुणेची झाडं

तपासनिसाने खोडाला छातीच्या उंचीवर फीत गुंडाळली, घेर पाहिला, फीत सोडली आणि पुन्हा गुंडाळली. आकडा तोच आला. मग तो पुढच्या झाडाकडे गेला. त्याच्याही खोडावर नंबराचा पत्रा ठोकलेला होता आणि तेही झाड तसंच गुटगुटीत होतं.

वनसमितीची अध्यक्ष अक्का मागे उभी होती आणि तिच्यामागे तिचा नवरा. दोघांच्या चेहऱ्यावर पोराचा पहिला नंबर आल्यासारखा आनंद होता. आजची मोजणी पार पडली की परदेशी कंपनीचे पैसे सुटणार होते. कंपनी तिकडे धूर सोडणार, इथली झाडं तो शोषून घेणार, म्हणून जंगल उभं ठेवल्याबद्दल कंपनी पैसे देणार, असा तो व्यवहार. पैसे आले की समिती पगारी राखणदार नेमणार होती आणि राखणदार म्हणून अक्काच्या नवऱ्याचं नाव पक्कं झालं होतं. तूर्त तो दूरच्या शहरात कुणाच्या तरी गोदामाची राखण करायचा आणि रजा मिळेल तेव्हा घरी यायचा. ही रजा परवा संपत होती.

तपासनीस दोरी ओलांडून आखलेल्या तुकड्याबाहेर गेला. तिथल्या एका झाडाला त्याने फीत लावली, मग दुसऱ्याला. झाडं त्याच जातीची, त्याच वयाची, पण पार किडकिडीत. तो परत आला, खाली बसला आणि खुणेच्या झाडाच्या बुंध्याशी हात घातला. भोवती छान आळं केलेलं होतं. माती ओली होती.

"या झाडांना पाणी घालता?"

"घालतो ना," अक्का म्हणाली. "शेणखतसुद्धा. उन्हाळ्यात एक दिवस खाडा नाही."

"फक्त यांनाच?"

"मोजणार तर यांनाच होता ना तुम्ही."

तपासनिसाने टोपी काढून कपाळ पुसलं. लोकांनी चोरून तोडलेली झाडं त्याने पुष्कळ पाहिली होती. लाडाने फुगवलेली आजच पाहत होता.

"पाहुणे येणार म्हटलं की बाहेरची खोली झाडतोच माणूस," अक्का जरा चाचरत म्हणाली.

"आणि मी ती बाहेरची खोली बघून सगळ्या घराचा अंदाज बांधणार होतो. अहो, ही नमुन्याची झाडं. यांच्यावरून अख्ख्या टेकडीचा हिशेब लावायचा असतो. हा नमुना बाद झाला."

"बाद म्हणजे पैसे..."

"खोटं लिहून तर मागता येणार नाहीत."

अक्का पुढे झाली. "माझी चूक. पाणी मीच घालत होते."

"तिची नाही," नवरा मागून म्हणाला. "खूळ माझं. गेल्या वेळची सगळी रजा मी या झाडांना पाणी वाहिलं. वाटलं, ही लवकर जाड झाली तर मला लवकर घरी येता येईल."

तपासनिसाला वाईट वाटलं, पण वाईट वाटून झाडाचा घेर वाढत नाही. त्याने फोनवर नकाशा उघडला. नमुना बाद झाला तर यंत्र बोट ठेवेल तिथे नवा तुकडा आखायचा, असा नियम होता. यंत्राने टेकडीच्या मागच्या उतारावर ठिपका दाखवला.

"मागची बाजू?" अक्काने नवऱ्याकडे पाहिलं. पाण्याच्या नादात तिकडे दोघंही फिरकले नव्हते. अक्काने मनातल्या मनात सगळे देव पाण्यात ठेवले आणि चढायला लागली.

मागे वाट म्हणून उरलीच नव्हती. झाडं बारीकच होती, पण एकमेकांना खेटून उभी होती आणि त्यांच्या पायाशी रोपं माजली होती. दोरी सरळ ताणायला जागा मिळेना. नवरा फांद्या बाजूला धरी, अक्का फितीचं टोक धरी आणि तपासनीस आकडे टिपत पुढे सरके. दुपार कलली तरी कुणी पाण्याचंही नाव काढलं नाही. शेवटी तपासनीस एका दगडावर बसला आणि बेरजा करू लागला. त्या संपेपर्यंत अक्का नखं खात होती.

"तुमच्या लाडोबांची सर यातल्या एकालाही नाही," तो म्हणाला. "पण संख्या बघा केवढी आहे. करारात कबूल केलं होतंत त्यापेक्षा थोडं जास्तच भरतंय."

अक्काला ते खरंच वाटेना. "इथं तर आम्ही काहीच केलं नाही हो. कुऱ्हाड येऊ दिली नाही, शेळ्या येऊ दिल्या नाहीत. बस."

"तेवढंच करायचं होतं."

अक्का आधी हसली, मग तिला रडू आलं, मग रडताना बघतायत म्हणून पुन्हा हसली. "म्हणजे माझी रजा पाण्यात गेली म्हणायची," नवरा म्हणाला, पण त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

तपासनिसाने फीत गुंडाळून खिशात ठेवली. "आता एक तोंडी विचारायचं असतं. पैसे घेतल्यावर तीस वर्षं या जंगलाला धक्का लागता कामा नये. राखणदाराने इथून हलायचं नाही. जमेल का? नंतर तक्रार नको."

नवऱ्याने एकदा बायकोकडे पाहिलं.

"तीस वर्षं?" तो म्हणाला. "साहेब, गोदामाच्या मालकाने मला घरी राहायला आठ दिवसांच्या वर कधी दिले नाहीत."