दुसरा द्रोण

शिऱ्याचा द्रोण पुढे आला तसा कुमुदिनीबाईंनी हात मागे घेतला. डेंग्यूतून उठल्यापासून दुधाचा थेंबही त्यांच्या पोटात ठरत नव्हता.

"अगंबाई, सत्यनारायणाचा प्रसाद नाकारतेस?" चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "रोज पोथी वाचणारी तू!"

कुमुदिनीबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिला तरी कळेल. दोन वर्षांपूर्वी तीही अशीच तापातून उठली होती आणि प्रसादाच्या शिऱ्यानं मोरीत ओकली होती.

सुनेनं द्रोण उचलून सासूपुढे धरला. "घ्या आई. देवाच्या प्रसादानं कुणाला काही होत नाही."

शब्द कुमुदिनीबाईंचेच होते. त्या दिवशी मोरीच्या दारात उभं राहून, अशाच हळू आवाजात, त्यांनी तिच्यापुढे दुसरा द्रोण धरला होता.

त्यांनी उजवा हात पुढे केला, खाली डावा धरला.