पडद्यावरचा हात

छातीतल्या डागात सुई घालून तपासणीसाठी तुकडा काढणं १९६२ साली अमरावतीत नवंच होतं. डॉक्टर हरिहरांनी खोलीत अंधार केला आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पुंजारामच्या बरगड्या हिरवट उजळल्या. सुई जरा चुकली तर फुप्फुसाला भोक पडणार होतं. पेशंटची भीती जावी म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्या शेंदूरजन्याची संत्री यंदा कशी आहेत?"

"माही बायको गोदा जित्ती होती तवा गोड होती जी," पुंजाराम म्हणाला. "मले खोकला आला का थे रातभर छातीवर हात ठेवून बसे."

"बरं. आता हलू नका."

पडद्यावर सुईची सावली सरकली. तिच्यामागे डॉक्टरांच्या बोटांची हाडं दिसत होती. आणि नेमका डागावर आणखी एक नाजूक हात होता, मनगटात बांगड्या असलेला.

"तारा सिस्टर, हात काढा!"

"मी दाराशी उभी आहे, डॉक्टर."

"राहू द्या जी," पुंजाराम पुटपुटला. "लय दिवसांनी आली."

पडद्यावरच्या हाताने डाग सोडला, डॉक्टरांचं मनगट धरलं आणि सुईचं टोक डागावरून थोडं खाली, चांगल्या फुप्फुसाकडे वळवलं. डॉक्टरांनी हात मागे ओढू पाहिला, पण सुई आत जाऊ लागली होती.